लाल शाई

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की आमच्याकडे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा थेंब जिभेला लावतात. फराळाचे ताट त्यानंतर. कडू चाखल्यावाचून गोडाला हात लावायचा नाही, असा आमच्या आजीचा दंडकच होता. संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे ‘एखादी खुसखुशीत गोष्ट’ मागितली होती. मी त्यांना हे कारीट पाठवीत आहे. ते छापले तर दोष त्यांचा. वाचकांना कडू लागले तर दोष माझा.

मी एक मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिक, पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि तिच्या बळावर तालुक्याच्या एका शाळेत चिकटलो. शिक्षक कमी म्हणून मराठीच्या वह्याही माझ्याच गळ्यात आहेत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा लाल शाई आणि रात्री निळी, असा माझा संसार आहे. पण आज ज्या लाल शाईविषयी लिहायला बसलो आहे, ती माझ्या टेबलावरची नव्हे. ती पलटणीतली आहे.

फौजेत प्रत्येक जवानाच्या नावाने वर्तणुकीचा एक कागद असतो. जवानाची साहेबापुढे पेशी झाली, शिक्षा झाली, की ती त्या कागदावर चढते. हलकी शिक्षा काळ्या शाईने आणि भारी शिक्षा लाल शाईने. कागदावर अशा चार लाल नोंदी जमल्या, म्हणजे त्या माणसाची फौजेला गरज उरली नाही असे ठरवून त्याला घरी पाठवता येते. १९५४ च्या आर्मी रूल्समधील तेराव्या नियमात त्याची तरतूद आहे. याला बडतर्फी म्हणत नाहीत, डिस्चार्ज म्हणतात. शब्द सौम्य आहे. पण जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. तेराव्या वर्षी लाल शाईने घरी आलेल्याला पेन्शन नाही. शिवाय गैरवर्तनाच्या कारणाने कमी केलेला माणूस सरकारच्या व्याख्येत ‘माजी सैनिक’ या नावालाही पात्र ठरत नाही. त्याला राखीव जागेवर नोकरी नाही, २००३ साली निघालेल्या दवाखान्याच्या योजनेचे कार्ड नाही. बारा वर्षे बंदूक वाहिलेला माणूस एके दिवशी सकाळी एस. टी.तून ट्रंक घेऊन उतरतो आणि कोणीच नसतो.

अशा एका माणसाच्या शेजारी मी वाढलो. माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो.

दादा १९९३ साली भरती झाला. भरतीच्या डॉक्टरांनी त्याचे दात मोजले, डोळे तपासले, छाती फुगवून पाहिली आणि ‘तंदुरुस्त’ असा शेरा मारला. हा शेरा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे. आमचे चुलते माळकरी. त्यांचा हा मुलगा सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकीत नसे. पहिल्या रजेवर आला तेव्हा जोडीदारांनी भेट दिलेली रमची बाटली त्याने न फोडता गावच्या तालमीतल्या वस्तादांना देऊन टाकली होती, कारण त्यांना म्हणे अंगाला चोळायला हवी होती!

१९९९ पासून दोन वर्षे तो काश्मीरच्या खोऱ्यात होता. तेथे काय घडले हे त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितले. गस्तीवर पुढे चाललेल्या जोडीदाराचा पाय सुरुंगावर पडला. दादा मागे आठ-दहा पावलांवर होता. त्याने त्याला खांद्यावर घेतले आणि रस्त्यापर्यंत आणले, तोवर तो गेला. मेलेल्या जवानाचे सामान मोजून, यादी करून घरी पाठवायचे असते. दोघांच्या खाटा शेजारी होत्या, म्हणून यादी करायला दादाला बसवले. पत्र्याची काळी ट्रंक. तीत बनियन, दाढीचे सामान, बायकोला लिहायला घेतलेले एक आंतर्देशीय पत्र, त्यावर नुसता पत्ता; आणि निम्मी संपलेली टूथपेस्ट. “ती टूथपेस्ट यादीत लिवायची का न्हाई, ह्यावर मी लई येळ बसून हुतो,” असे दादा मला म्हणाला. सुरुंगाविषयी तो दोन वाक्ये बोलला असेल. टूथपेस्टविषयी अर्धा तास बोलत होता.

त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. डोळा लागला की तो पुन्हा त्या वाटेवर चालू लागे. जोडीदारांनी मायेने रम पाजली आणि झोप आली. दारूचा पहिला गुण असा की ती झोप आणते, आणि दुसरा गुण असा की काही दिवसांनी तीच झोप मोडते. मग माणूस आणखी पितो. हे मी पुस्तकात वाचून सांगतो आहे. दादा ते पुस्तक न वाचता शिकला.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. रजेवर आला आणि परतायच्या दिवशी स्टेशनवरून माघारी फिरला. अकरा दिवस उशिरा हजर झाला. पहिली लाल शाई. पहाऱ्यावर तोंडाला वास आला. दुसरी. पुन्हा रजा, पुन्हा उशीर. तिसरी. एका बडाखान्याच्या रात्री पिऊन हवालदाराच्या अंगावर धावून गेला. चौथी. २००५ साली बारा वर्षे तीन महिने नोकरी भरली असताना दादा घरी आला. पेन्शनीला दोन वर्षे नऊ महिने कमी पडले. कोणती पलटण, कोणता साहेब, हे मी सांगणार नाही. मला एका साहेबाशी भांडायचे नाही. आमच्या घरातून तीन पिढ्या फौजेत गेल्या आहेत आणि माझ्या वर्गातली दोन पोरे आताही सीमेवर आहेत. फौजेची निंदा करून टाळ्या घेणारांपैकी मी नव्हे.

मला भांडायचे आहे ते त्या कागदाशी. त्या कागदावर लिहिलेले एकही अक्षर खोटे नाही. दादा उशिरा गेला होता, प्यायला होता, धावून गेला होता. पण १९९९ च्या आधी सहा वर्षे तो कागद कोरा होता आणि नंतर चार वर्षांत त्यावर चार लाल नोंदी झाल्या, याचे कारण कागदावर कोठेही नाही. चारही वेळा ‘काय केलेस?’ असे विचारले गेले. ‘तुला काय झाले?’ असे एकदाही विचारले गेले नाही. हा कागद अर्धा आहे. आणि अर्ध्या कागदावर माणसाचा सबंध जन्म ठरवला जातो, हे माझे म्हणणे आहे.

आमच्या वर्गात एक पोरगा होता. सलग आठवडाभर त्याने वही दिली नाही. मी पाच दिवस लाल फुल्या मारल्या. सहाव्या दिवशी कळले, की त्याच्या आईला सरकारी दवाखान्यात ठेवले आहे आणि रात्री तो तिच्या उशाशी असतो. फुल्या पाचही खऱ्या होत्या. मास्तर मात्र खोटा होता. एवढी साधी गोष्ट मला, एका मॅट्रिक मास्तराला, कळू शकते, तर ती सरकारला कळणार नाही असे मी मानीत नाही.

आणि गंमत पाहा, सरकारला ती फार पूर्वीच कळली आहे! २८ डिसेंबर १९८८ रोजी सेनेच्या मुख्यालयाने याच विषयावर एक कार्यपद्धती घालून दिली. चार लाल नोंदी झाल्या म्हणून माणसाला काढलेच पाहिजे असे नाही. आधी चौकशी करावी. प्रत्येक नोंद कशाबद्दल होती ते पाहावे. पेन्शनीच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये. त्याने किती वर्षे काढली, किती खडतर ठिकाणी काढली, याचा विचार करावा, असा तिचा आशय आहे. कोणा साहित्यिकाने लिहावे इतके माणुसकीचे हे पत्रक आहे. पण पत्रक कपाटात असते आणि लाल शाई टेबलावर असते. अशाच एका जवानाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने सांगितले, की ही चौकशी न करता चार नोंदी मोजून माणूस घरी पाठवणे बेकायदा आहे. आणि त्या जवानाची पेन्शनीपुरती नोकरी भरली असे धरावे. पुढे दुसऱ्या एका खटल्यात, चौकशीची वाट पाळली गेली होती असे दिसल्यावर, त्याच न्यायालयाने डिस्चार्ज कायमही केला. ते न्यायाचेच झाले. विचारून काढणे आणि न विचारता काढणे, या दोहोंत फरक आहे.

दादाची चौकशी झाली नाही. तो न्यायालयात का गेला नाही, असे शहरातले वाचक विचारतील. २००५ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरण अस्तित्वातच नव्हते. त्याचा कायदा २००७ चा आणि काम सुरू झाले २००९ साली. दादाला दाद मागायची तर हायकोर्टात मागायची. ज्याला झोपेतून उठून अंगणात यायला भीती वाटत होती, त्याने मुंबईला जाऊन वकील गाठायचा होता. आता न्यायाधिकरण आहे, मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे, पण तेथेही अंतिम हुकमापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण द्यावे लागते. ज्या आजाराने माणसाची बोलण्याची शक्तीच हिरावली, त्या आजाराला सहा महिन्यांची मुदत!

आता दारूविषयी. इथे माझे काही मित्र रागावतील, पण ते सोसले पाहिजे. पेन्शनीच्या नियमांत असे एक तत्त्व आहे, की दारूच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणार नाही, कारण पिणे न पिणे माणसाच्या स्वतःच्या ताब्यात असते. ठीक. पण याच देशाच्या संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि मानसिक आजाराच्या व्याख्येतच, मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था घातल्या. म्हणजे एका कपाटातला कायदा म्हणतो, हा आजारी आहे. दुसऱ्या कपाटातला नियम म्हणतो, हा स्वतःच्या ताब्यात आहे. आणि तिसरीकडे त्याच माणसाला कँटीनमध्ये स्वस्त दरात हक्काची रम मिळते. तिन्ही कपाटे सरकारचीच.

फौजेत मनाच्या डॉक्टरांची सोय नाही असेही नाही. ती आहे. जवान बिघडलेला दिसला, तर वरिष्ठाने अहवाल देऊन त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता येते. त्याची वैद्यकीय श्रेणी उतरवून हलके काम देता येते. आणि अगदी इलाज नसेल तर आजारी म्हणून घरी पाठवता येते. आजारी म्हणून घरी आलेल्याच्या बाजूने कायदाही बराच उभा आहे. २०१३ साली एका मिरगीच्या रुग्ण जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असेच धरले पाहिजे. पुढचा बिघाड नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. मघाचा तो ‘तंदुरुस्त’ शेरा आठवा! तो शेरा त्या जवानाच्या उपयोगी पडला. दादाच्या उपयोगी पडला नाही, कारण दादा दवाखान्याच्या दाराने घरी आला नाही, पेशीच्या दाराने आला. माणूस तोच आणि जखमही तीच. पण डॉक्टरने आधी पाहिले तर रुग्ण, आणि हवालदाराने आधी पाहिले तर गुन्हेगार. इतकी मोठी गोष्ट योगायोगावर सोडलेली पाहून माझ्या अंगावर काटा येतो.

आमच्या भाषेत या जखमेला जुना शब्द आहे. आपण म्हणतो, ‘त्याने धसका घेतला.’ पुरात बैल वाहून गेलेला पाहून माणूस धसका घेतो आणि महिनोन् महिने नदीकडे पाठ करून बसतो. खेड्यातल्या बाईला हे ठाऊक असते. पाश्चात्त्यांना ते पहिल्या महायुद्धात नीट दिसले. त्याला त्यांनी तोफगोळ्याचा धक्का असे नाव दिले, आणि तरीही ब्रिटिश लष्कराने भ्याडपणा, पळपुटेपणा अशा आरोपांखाली आपलीच माणसे गोळ्या घालून मारली. त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली कायदा करून माफी देण्यात आली. नव्वद वर्षे लागली. ज्यांच्यासाठी माफी, ते तर गेलेच; पण ज्या घरांत त्यांचे नाव घ्यायचे नाही असा दंडक होता, तेथे ते नाव पुन्हा घेता आले. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्याच महायुद्धात ४६ माणसे गमावली. मेलेल्यांची मोजदाद ठेवायला आपण शिकलो आहोत. जिवंत परतले पण पूर्ण परतले नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवली?

अमेरिकेचे उदाहरण मी आदर्श म्हणून देत नाही. पण तेथे एक खिडकी आहे, ती पाहण्यासारखी आहे. फौजेतून सुटताना तेथे प्रत्येकाला एक दाखला मिळतो आणि त्यावर सुटकेचा दर्जा लिहिलेला असतो: सन्मानाने, साधारण, सन्मानाहून हीन, असा उतरत्या क्रमाने. हीन दर्जावाल्यांना पुढे सवलतींच्या दारात अडवले जाते. व्हिएतनामहून परतलेल्या कितीतरी सैनिकांच्या कपाळी असा दर्जा आला. त्यांचे युद्ध १९७५ साली संपले आणि त्यांच्या आजाराला मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत नाव मिळाले १९८० साली. नाव नसलेला आजार कागदावर कोण लिहिणार? म्हणून कागदावर आली ती नुसती दारू आणि गैरहजेरी.

पण तेथे हा दर्जा सुधारून देणारी मंडळे आहेत. सुटल्यापासून पंधरा वर्षांपर्यंत एका मंडळाकडे अर्ज करता येतो, पुढे दुसऱ्याकडे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री चक हेगल यांनी या मंडळांना हुकूम दिला, की युद्धाच्या धसक्याचे कारण सांगणाऱ्या अर्जाकडे उदार दृष्टीने पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये हे औदार्य इतर मानसिक आजारांनाही लावले गेले आणि मंडळांना चार प्रश्न आखून दिले गेले. ज्यामुळे दोष क्षम्य किंवा सौम्य ठरावा असा काही आजार या माणसाला होता का? तो नोकरीत असताना होता का? त्या आजाराने तो दोष खरोखरच क्षम्य किंवा सौम्य ठरतो का? आणि शेवटी, तागडीत कशाचे वजन जास्त आहे? त्या वेळचा डॉक्टरी कागद नसला तरी चालतो. घरच्या माणसांची, सोबत्यांची साक्ष चालते. आणि नीट वागणारा माणूस एकाएकी पिऊ लागला, तर तेच आजाराचे एक चिन्ह मानता येते. जी गोष्ट आमच्याकडे आरोप आहे, ती तेथे पुरावा होऊ शकते!

हुकूम निघाले म्हणून खिडकी सताड उघडली असे नाही. पुष्कळ अर्ज फेटाळले गेले, सैनिकांना दावे लावावे लागले आणि २०२१ साली एका दाव्यातल्या तडजोडीने तेथल्या सेनेला जुने निर्णय पुन्हा तपासण्याचे कबूल करावे लागले. तरी खिडकी आहे. आमच्याकडे तक्रारीचा मार्ग आहे, न्यायाधिकरण आहे, अपंगत्वाच्या पेन्शनीची अपिले आहेत. पण लाल शाईने घरी आलेल्या माणसाचा कागद पुन्हा उघडून ‘तुला काय झाले?’ एवढेच विचारणारी, वकिलावाचून जाता येईल अशी खिडकी नाही.

आता आक्षेप येतील. ते मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा ऐकले आहेत. पहिला असा: “गस्तीवर दहाजण होते. बाकीचे नऊ कुठे प्यायला लागले?” पाऊस दहाजणांवर पडतो आणि न्युमोनिया एकालाच होतो. त्या एकाला आपण ‘तू मुद्दाम भिजलास’ असे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. दारूड्याच्या हाती बंदूक द्यायची का? मुळीच नाही. पहाऱ्यावर प्यालेला माणूस झोपलेल्या शंभरांचा घात करील. त्याला पहाऱ्यावरून काढा आणि जरूर तर फौजेतूनही काढा. मी दादाला वर्दी परत द्या म्हणत नाही. त्याला कसे काढले आणि कागदावर काय लिहून काढले, एवढेच विचारतो आहे. शिस्त रांगेत उभ्या असलेल्यांसाठी असते. रांगेतून गेलेल्याच्या म्हातारपणावर तिचा दंडुका कशाला?

तिसरा आक्षेप लबाडीचा. उद्या प्रत्येक पिणारा धसक्याचे नाव सांगेल. सांगेल ना! गुडघा दुखतो असे खोटे सांगणारेही असतात. म्हणून आपण हाडांचे दवाखाने बंद केले नाहीत. तपासा. कागद कधीपासून बिघडला ते पाहा, त्या सुमारास पलटण कोठे होती ते पाहा, सोबत्यांना विचारा, घरी विचारा.

चौथा आक्षेप मात्र माझ्या वहिनींचा आहे, आणि तोच खरा आहे.

तो सांगण्यापूर्वी मला माझी स्वतःची लाल शाई दाखवली पाहिजे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक पात्र आहे. गावच्या पारावर बसणारा, पिऊन कवायत करणारा, पोरांना सलाम ठोकायला लावणारा एक फौजी. वाचकांना तो फार आवडला. पत्रे आली, “तुमचा फौजी वाचून पोट धरून हसलो.” मी ती पत्रे जपून ठेवली. तो फौजी म्हणजे दादाच होता. मी त्याची कवायत लिहिली आणि टूथपेस्ट लिहिली नाही, कारण तेव्हा ती मला ठाऊक नव्हती. आणि ठाऊक नव्हती, कारण मी विचारले नव्हते. आमच्या शाळेत झेंडावंदनाला गावातल्या माजी सैनिकांना बोलावून नारळ देतात. ती यादी अनेक वर्षे मीच करतो. दादाचे नाव त्या यादीत मी कधीही घातले नाही. ‘तो पेन्शनर नाही,’ असे कोणीतरी म्हणाले होते आणि मला ते पटले होते. सरकारी कागदाच्या अर्धवटपणाविषयी मी आज इतका तावातावाने लिहितो आहे, पण तो अर्धा कागद मी स्वतः दोनदा नकलून काढला आहे.

त्या दिवाळीला वहिनींनी चकल्यांचे ताट पुढे ठेवले आणि विचारले, “भावजी, पुस्तकातला त्यो फौजी म्हंजी ह्येच न्हवं?” मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांचं समदं लिवा. पर माझं बी लिवा. धसका त्यांनी घेतला, आन् मार म्या खाल्ला.”

हे खरे आहे. दादाने वहिनींवर हात टाकला, एकदा नव्हे, अनेकदा. ते मी झाकणार नाही, आणि सुरुंगाचे कारण सांगून त्याला माफीही देणार नाही. त्याची माफी द्यायचीच असेल तर ती वहिनींनी द्यायची आहे; मला किंवा कोणत्याही मंडळाला तो अधिकार नाही. पण वहिनींचाच हिशेब करायचा तर नीट करू. ज्या बाईने जोंधळे खुरपून दोन मुली वाढवल्या, त्या बाईला या कागदाने काय दिले? नवऱ्याची पेन्शन नाही, म्हणून उद्या तो गेल्यावर कुटुंब पेन्शनही नाही. फौजेने वेळीच दवाखान्यात घातला असता तर जो माणूस कदाचित बरा होऊन आला असता, तो तसाच्या तसा तिच्या अंगावर सोडून दिला. शिक्षा लिहिली दादाच्या नावावर आणि भोगली तिने. लाल शाई कागदाच्या पाठीमागे फुटली, ती अशी.

मग माझे मागणे काय? फार नाही. युद्धभूमीवर किंवा अशांत भागात नोकरी केलेल्या जवानाला लाल नोंदींवरून काढण्याआधी त्याला मनाच्या डॉक्टरांपुढे बसवलेच पाहिजे, आणि त्या डॉक्टरांनी कारणे लिहून मत दिले पाहिजे. आधीच घरी आलेल्यांसाठी, मुदतीची आडकाठी न घालता, एक खिडकी उघडली पाहिजे. तिथे पलटणीचा कागद वाचावा, आणि शेजारी बायकोची साक्षही वाचावी, कारण त्याची झोप कधीपासून उडाली हे रेकॉर्डपेक्षा तिला जास्त ठाऊक असते. आणि ज्याचा कागद पटेल, त्याला ‘माजी सैनिक’ हे नाव आणि बायकोला तिचे चार पैसे द्यावेत. सरकारच्या तिजोरीला हे जड जाईल असे मला वाटत नाही. जड जाईल ते आपण चुकलो असे लिहिणे.

दादाने नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली. एका गोदामावर रात्रीचा पहारा करतो. नाहीतरी झोप येत नाहीच, असे म्हणतो. न्यायाधिकरणात अर्ज करू या, उशिराची माफी मागू या, असे मी गेली दोन वर्षे त्याला सांगतो आहे. त्याचे उत्तर ठरलेले आहे. “मी प्यालो हुतो. कागूद खोटा न्हाई.” दादा त्या कागदावर सर्वांत जास्त विश्वास ठेवून बसला आहे.

म्हणून मी आता त्याच्याशी वाद घालणे सोडले आहे. या भाऊबिजेनंतर शाळेला सुट्टी आहे. वहिनी सांगणार आहेत आणि मी लिहून घेणार आहे, १९९९ पासूनचे, जसे आठवेल तसे. त्यांनी एक अट घातली आहे, की त्यांचेही वगळायचे नाही. मी कबूल केले आहे. अर्जावर सही करायची की नाही ते दादाचे दादा ठरवील.

वाचकहो, आता फराळाला बसा. मात्र तुमच्याही गावात, तुमच्याही आळीत असा एखादा असेल. त्याच्या कागदावर काय आहे ते गावाला ठाऊकच असते. त्याच्या शेजारी घटकाभर बसून, कागदावर काय नाही ते विचारा. तो लगेच सांगणार नाही. दादाने मला सांगितले, तेव्हा माझी कादंबरी छापून सहा वर्षे झाली होती.